ट्रायगोनिया : दगडांतला शिंपला व समुद्रांतला शिंपला

तिसऱ्यांच्या झडपा तुम्हीं कधीं निरखून पाहिल्या आहेत काय? बिजागरीपाशीं त्यांना बारीक दांते असतात. एका झडपेचे दांते दुसरीच्या खाचांत बसतात. शिंपल्याचें कूळ ओळखण्यास हे दांते फार उपयोगी पडतात.

अशा एका कुळाचें नांव ट्रायगोनिया, म्हणजे त्रिकोणी. ह्याच्या मोठ्या दांत्यांवर कानशीप्रमाणें रेघा असतात, म्हणून घोटाळा सहसा होत नाहीं. मध्यजीव महायुगांत ह्या कुळाची भरभराट होती. आपल्या कच्छच्या जुरासिक खडकांतहि त्याच्या अनेक जाती अश्मीभूत झालेल्या सांपडतात. पुढें सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं, ज्या सुमारास आपल्या दख्खनचा काळा पाषाण लाव्हारूपानें वाहत होता, त्या सुमारास त्याचा जवळजवळ नाश झाला. युरोपांत त्यानंतरच्या थरांत ट्रायगोनिया मिळेना. तेव्हां हा वंश बुडाला, असें दिसत होतें.

परंतु १८०२ सालीं पेराँ नांवाच्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञास ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील समुद्रांत ह्या कुळाचा ताजा शिंपला मिळाला. आंतून तो मोत्यासारखा झळाळत होता. लामार्कनें १८०४ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. प्राणिजाती सहसा समूळ नष्ट होत नाहींत, त्या पालटतात किंवा अज्ञात समुद्रांत राहतात, असें लामार्कचें मत. क्यूव्हिएचें मत नेमकें उलट. ह्या शिंपल्यानें लामार्कची बाजू बळावली खरी, पण अर्धीच. नव्या शिंपल्याच्या फासळ्या पंख्याप्रमाणें पसरलेल्या, तर पुष्कळ जुन्या शिंपल्यांच्या काठाशीं समांतर. कूळ उरलें होतें, त्या जुन्या जाती मात्र गेल्याच होत्या.

शिंपला मिळाला, पण आंतला प्राणी? तो ‘अ‍ॅस्ट्रोलाब’ जहाजावरील क्वा व गेमार ह्यांस लाभला. १८२७ सालीं जहाज टोंगाताबूच्या खडकांवर अडकलें, तेव्हां साऱ्या संग्रहांतून त्यांनीं तेवढा एकच नमुना वांचविण्यासाठीं बरोबर घेतला! शास्त्राचा ध्यास म्हणतात तो हा.

मधल्या काळाचा दुवा अजून तुटलेलाच होता. डार्विननें १८५९ च्या आपल्या ग्रंथांत ह्या उरलेल्या शिंपल्याचा उल्लेख केला. पुढें १८६५ सालीं ऑस्ट्रेलियांतीलच तृतीयक थरांतल्या ट्रायगोनियाचें वर्णन प्रसिद्ध झालें. युरोपांत वंश खरोखरच संपला होता; तो तगला दूर दक्षिणेस.

आज ह्या कुळाच्या मोजक्याच जाती ऑस्ट्रेलियाभोंवतीं जिवंत आहेत. त्यांचा पाय मोठा बळकट असतो. त्याच्या हिसक्यानें हा शिंपला चक्क उडी मारतो.