एचआयव्हीचं डॉक्टरांनीच विचारावं

महिनाभर न हटणारा ताप, उतरत चाललेलं वजन, पुन्हा उठलेली नागीण. असं काही झालं की भंडारा जिल्ह्यातला माणूस आधी जवळच्या डॉक्टरकडेच जातो. तिथेच "एचआयव्ही तपासून घेऊ या का?" असं विचारलं जायला हवं. सरकारी दवाखान्यात गरोदर माता आणि क्षयरुग्णांना विचारतात, बाकीचे निसटतात.

भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या आयसीटीसी म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात ही चाचणी मोफत होते. आधी समुपदेशक बोलतात, मग थोडंसं रक्त घेतात. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून निदान ठरत नाही. वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन चाचण्या जुळाव्या लागतात. धोका नुकताच घडला असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकालही गुप्त ठेवावा लागतो. डॉक्टरांनी हे आधीच सांगावं. अर्धी भीती तिथेच सरते. एचआयव्हीला आवर घालणारी एआरटी औषधं सरकारी केंद्रांतून २००४ पासून मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

शंका असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पडत नाहीत.