पिठाचा कोंबडा आणि खडकीची लढाई

मारुंजीच्या आमच्या घरातील मोठे टेबल गेले वर्षभर जेवणाच्या कामी आलेले नाही. त्यावर मुळा नदी वाहते, गणेशखिंडीच्या टेकड्या उभ्या आहेत आणि मधल्या माळावर दोन सेना समोरासमोर ठाकल्या आहेत. नदी रंगवलेली आहे, टेकड्या थर्माकोलच्या आहेत आणि सैनिक जेमतेम पंधरा मिलिमीटर उंचीचे आहेत. अकरावीत शिकणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी 5 नोव्हेंबर 1817 रोजी झालेली खडकीची लढाई येथे मांडली आहे.

मांडणी प्रथम पूर्ण झाली त्या संध्याकाळी आई सामायिक आटोपून बाहेर आली. चष्मा सारखा करून तिने टेबलाभोवती एक फेरी मारली.

“हे काय मांडले आहेस रे?”

“आजी, ही पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई आहे. आपल्या घरापासून फार लांब झाली नव्हती.”

आई थोडा वेळ पाहत राहिली. मग एवढेच म्हणाली, “बाळा, यशोधर राजानेही कोंबडा पिठाचाच मारला होता.”

त्या एका वाक्याने घरात जो विचार सुरू झाला तो अजून संपलेला नाही. आज आपल्या बहुतेक घरांतील मुले मोबाइलवर युद्धाचे खेळ खेळतात, आणि हे योग्य की अयोग्य याचे उत्तर आपण वडीलधारी मंडळी देत नाही, केवळ रागावतो. म्हणून हा अनुभव वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम या छंदाविषयी. टेबलावर सेना मांडून नियमांनुसार लढाई खेळण्याची आधुनिक पद्धत प्रशियात जन्मली. रायस्विट्झ नावाच्या सरदाराने 1812 मध्ये असे एक टेबल प्रशियाच्या राजाला दाखविले आणि त्याच्या अधिकारी पुत्राने 1824 मध्ये त्याचे नियम छापले. हा खेळ सैनिकी शिक्षणासाठी होता, हे मान्य केलेच पाहिजे. त्याचे घरगुती रूप इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकातून लोकप्रिय केले. खऱ्या युद्धापेक्षा हे खेळण्यातले युद्ध किती बरे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

आपल्याकडेही हा प्रकार अगदीच परका नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर रंगीत मावळे मांडण्याची महाराष्ट्रातील मुलांची रीत जुनी आहे. ज्या अमावास्येला आपण भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दीप लावतो, त्याच दिवसांत शेजारच्या अंगणातील किल्ल्यावर तोफा ठेवलेल्या असतात. आमच्या चिरंजीवांचा छंद त्या किल्ल्यापासूनच सुरू झाला.

आता लढाईविषयी. 1817 साली दसरा होऊन गेला होता आणि दिवाळी तीन-चार दिवसांवर आली होती. रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरील बंगला सोडून खडकीच्या छावणीत गेला. त्याच्या मागे तो बंगला जाळण्यात आला. बापू गोखले यांच्या हाताखाली सुमारे अठरा हजार घोडेस्वार, आठ हजार पायदळ आणि चौदा तोफा होत्या. कर्नल बर याच्याकडे सुमारे 2,800 माणसे होती. दुसरे बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. इंग्रजांच्या डाव्या बाजूची एक पलटण पुढे सरकून रांगेपासून तुटली, तेव्हा गोखल्यांनी सुमारे सहा हजार निवडक स्वार तिच्यावर सोडले. पण मध्ये दलदल होती. घोडे तिच्यात अडखळले, हल्ल्याचा जोर ओसरला आणि संध्याकाळपर्यंत मराठी सेना मागे फिरली. 17 नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. त्या दिवाळीला पुण्याच्या पेठांतील व्यापाऱ्यांनी वहीपूजन कोणत्या मनाने केले असेल, याचा विचार आपण व्यापारी माणसांनी तरी करावा.

एवढी मोठी सेना टेबलावर कशी मावते? येथे प्रमाण ठरवावे लागते. चिरंजीवांनी शंभर माणसांमागे एक पुतळा असे प्रमाण धरले. म्हणजे इंग्रजांचे 28 आणि पेशव्यांचे 260 पुतळे झाले. प्रत्येक पुतळा साबणाच्या पाण्याने धुवायचा, साच्याची रेघ कानशीने घासायची, अस्तराचा रंग द्यायचा, मग अंगरखा, पागोटे, घोडा असे मूळ रंग भरायचे. पातळ काळपट रंग वरून सोडला की तो घड्यांत साचतो आणि सावली तयार होते. शेवटी कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर उजळ रंग फिरवायचा. पेशव्यांच्या स्वारांना एकसारखा गणवेश नव्हता, त्यामुळे तेथे प्रत्येकाचे पागोटे वेगळे रंगवावे लागले. दुकान बंद करून रात्री घरी यावे तर हा मुलगा दिव्याखाली मान घालून बसलेला दिसे. मोबाइल दुसऱ्या खोलीत पडलेला असे. या एका गोष्टीसाठी मी मनोमन या छंदाचा पक्षपाती होतो, हे कबूल करतो.

आईचा आक्षेप मात्र मुळालाच हात घालणारा होता. सोमदेवसूरींनी 959 मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ ग्रंथात आणि इतर अनेक आचार्यांच्या काव्यांत यशोधराची कथा आली आहे. उज्जयिनीच्या या राजाला दुःस्वप्न पडले. देवीला जीव बळी द्यावा, असा आग्रह त्याच्या मातेने, चंद्रमतीने धरला. राजाने जिवंत प्राणी मारण्यास नकार दिला, पण आईचे मन मोडवेना म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याच्यावर शस्त्र चालविले. रक्त सांडले नाही, कोणी मेले नाही. तरीही मारण्याचा संकल्प घडला होता, आणि त्या संकल्पामुळे मायलेकांना अनेक जन्म पशुयोनीत भोगावे लागले. द्रव्यहिंसा नसली तरी भावहिंसा असू शकते, हे यापेक्षा स्पष्ट शब्दांत कोण सांगणार?

एवढ्यावरच हे थांबत नाही. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी अनर्थदंडविरती हे व्रत निष्कारण पापापासून दूर राहण्यास सांगते. त्यात ‘अपध्यान’ हा एक दोष सांगितला आहे. दुसऱ्यांचा जय, पराजय, वध, बंधन कसे होईल याचे मनात चिंतन करणे म्हणजे अपध्यान, असे पूज्यपादाचार्यांनी ‘सर्वार्थसिद्धी’त म्हटले आहे. टेबलावरच्या लढाईचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही.

दुसऱ्या बाजूलाही आपल्याच परंपरेतील प्रमाण आहे. भरत आणि बाहुबली यांच्या सेना समोरासमोर आल्या तेव्हा मंत्र्यांनी विचार केला की या दोघांच्या वादात हजारो निरपराध माणसे का मरावीत? म्हणून, आदिपुराणात सांगितल्याप्रमाणे, दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध ठरले. श्वेतांबर परंपरेत हे प्रकार थोडे वेगळे आहेत, पण तात्पर्य एकच. शस्त्रयुद्धाच्या जागी नियमांनी बांधलेली स्पर्धा आणता येते. शिवाय इतिहास समजून घेणे हे काही अपध्यान नव्हे. आपल्या पुराणांतही युद्धांची वर्णने आहेत. ती रणोत्साहासाठी वाचली जात नाहीत, वैराग्यासाठी वाचली जातात.

म्हणजे प्रश्न पुतळ्यांचा नव्हता, टेबलापाशी बसणाऱ्याच्या परिणामांचा होता. मग आम्ही काही गोष्टी ठरविल्या.

पहिली गोष्ट साहित्याची. सूक्ष्म रंगकामासाठी जे उत्तम कुंचले म्हणून विकले जातात ते ‘कोलिन्स्की सेबल’ नावाचे, म्हणजे सायबेरियाकडील मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असतात. ते आमच्या घरात येणार नाहीत. नायलॉनचे कृत्रिम कुंचले लवकर झिजतात, पण काम चालते. काळ्या रंगातही पाहावे लागते. ‘आयव्हरी ब्लॅक’ किंवा ‘बोन ब्लॅक’ हा रंग जाळलेल्या हाडांपासून करतात. चित्रकारांच्या रंगांच्या ट्यूबवर बहुधा रंगद्रव्याचा संकेत छापलेला असतो. तेथे पीबीके 9 असेल तर तो हाडांचा समजावा. पीबीके 7 काजळीचा आणि पीबीके 11 लोहाचा असतो. घरात चित्रकला करणारी मुले असतील तर ही माहिती त्यांनाही उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट फाशांची. या खेळात कोण पडला, कोण टिकला हे फासे टाकून ठरवितात. पैज नसली तरी द्यूताचे साधन देव्हाऱ्याच्या भिंतीपलीकडे खुळखुळावे, हे आईला मान्य नव्हते. त्यावरचा उपाय खेळाच्याच इतिहासात सापडला. 1876 मध्ये व्हर्दी दु व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने फासे आणि किचकट कोष्टके बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयाने खेळण्याची पद्धत पुरस्कारिली. आमच्याकडे पंच मी झालो.

तिसरी गोष्ट आईने सांगितली आणि तीच सर्वांत महत्त्वाची ठरली. पहिला डाव इतिहासाप्रमाणेच खेळून दाखविला तेव्हा शेवटी तिने विचारले, “किती माणसे गेली?” चिरंजीवांनी पुस्तकातून सांगितले की इंग्रजी नोंदींनुसार मराठ्यांचे मेलेले आणि जखमी मिळून सुमारे 500 आणि इंग्रजांचे 86.

“मग यांचे पाच पुतळे आडवे झाले. इंग्रजांचा एकही का नाही?”

“आजी, शंभराला एक पुतळा आहे. 86 म्हणजे पूर्ण एकसुद्धा होत नाही.”

आई खुर्चीवर बसली. “तुझे आजोबा एका रुपयाचा मेळ लागेपर्यंत दुकानाचे दिवे मालवत नसत,” ती म्हणाली. “तू 86 माणसे वटाव खात्यात टाकलीस?”

चिरंजीव निरुत्तर झाले. खरे सांगायचे तर पंचही निरुत्तर झाला. त्या टेबलावर सारे काही होते, नदी होती, दलदल होती, पागोट्यांचे रंग होते. 86 माणसांना तेवढी जागा नव्हती. आणि त्या पाच आडव्या पुतळ्यांतही पाचशे घरे होती, हे आमच्या कोणाच्या मनात आले नव्हते. अपध्यान म्हणतात ते बहुधा असेच असावे. त्यात द्वेष असतोच असे नाही. माणूस मोजण्यातून सुटतो, एवढेही पुरते.

दुसऱ्या दिवशी आईने दुकानातील एक कोरी लाल वही आणून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. तेव्हापासून डाव कोणताही असो, पुतळा हलविण्यापूर्वी हानी वहीत लिहिली जाते, आणि ती पुतळ्यांत नव्हे, माणसांत व घोड्यांत. डावाअखेर ती मोठ्याने वाचली जाते. सर्व जण उभे राहून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात आणि मग दिवा मालवतात. पर्युषण आणि दशलक्षण पर्वात टेबलावर पांढरी चादर असते. विजयाच्या आरोळ्या मारायच्या नाहीत, हा नियम कोणी केला नाही. वही वाचून झाल्यावर तशी इच्छाच होत नाही.

याचा एक परिणाम मला दिसला. पूर्वी चिरंजीव गोखल्यांच्या बाजूने खेळताना सहा हजार स्वार बेधडक सोडीत. अलीकडे ते प्रथम दोन स्वार पुढे पाठवून जमीन पाहून घेतात. डाव लांबतो, कित्येकदा अनिर्णित राहतो, आणि समोर खेळणारे त्यांचे मित्र कंटाळतात.

आईने या छंदाला अजून संमती दिलेली नाही. पुतळ्यांना तिने कधी हात लावला नाही आणि यशोधराची आठवण ती अधूनमधून करून देते. परंतु लाल वही तिच्याच ताब्यात असते आणि बेरीज ती स्वतः तपासते. मागच्या आठवड्यात एका डावात चिरंजीवांनी बारा घोडे लिहायचे विसरले होते. तिने त्यांना झोपेतून उठवून ते लिहून घेतले.