ज्या वाटेवर ट्रक येत नाही

‘फ्रान्सबद्दल काहीतरी लिही, मंडळाच्या अंकासाठी,’ असा मॅडमचा निरोप आला तेव्हा आधी पॅरिसच डोळ्यांपुढे आलं. पण खरं सांगायचं तर पॅरिसमध्ये मी जेमतेम तीन दिवस होते. उरलेले सात महिने ब्रिटनी प्रांतातल्या पोंतिव्ही नावाच्या लहानशा शहरात काढले, एका शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून. तिथे मी फ्रेंच सुधारलं, आणि एक जुनी गोष्ट नव्याने शिकले. ती म्हणजे सायकल चालवणं.

‘नव्याने’ का, ते सांगते. आमचं घर डिचोली तालुक्यात. मी शाळेत होते तेव्हा खाणी जोरात चालू होत्या आणि घरासमोरच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक एकामागून एक जायचे. सातवीत असताना त्यातल्या एका ट्रकचा मागचा भाग माझ्या हँडलला घासला. मी गटारात पडले, कोपराचं हाड मोडलं. ट्रक थांबलासुद्धा नाही. त्या दिवशी बाबांनी सायकल घरामागे नेऊन उभी केली, ती तिथेच गंजली. पुढे २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, पण माझी भीती काही थांबली नाही.

पोंतिव्हीत आमच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमन आजोबा राहायचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, ‘तुम्ही सायकल चालवता का?’ मी म्हटलं, ‘रस्त्याची भीती वाटते.’ त्यावर ते म्हणाले, ‘मग रस्त्यावर कशाला जायचं?’ आणि त्यांनी आपली जुनी ग्रॅव्हल बाइक बाहेर काढली.

ग्रॅव्हल म्हणजे बारीक खडी. ग्रॅव्हल बाइक दिसते रेसच्या सायकलसारखी, हँडल तसंच खाली वळलेलं. पण टायर चांगले जाड, साधारण ४० मिलिमीटर रुंद, आणि ब्रेक डिस्कचे. म्हणजे डांबरावर ती बऱ्यापैकी पळते आणि खडी-मातीच्या वाटेवरही घसरत नाही. मी पहिल्या दिवशी टायरमध्ये दगडासारखी टणक हवा भरली. आपल्याकडे तशीच भरतात ना! आजोबांनी अंगठ्याने दाबून पाहिलं आणि अर्धी हवा सोडून दिली. खडीवर हवा कमी हवी. टायर थोडा दबला की जमिनीला जास्त धरतो, आणि हातांना हादरे कमी बसतात. दुसरा धडा पावसात मिळाला. ओल्या खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, आणि घरी आल्यावर चेन पुसल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. बारीक रेती चेन खाऊन टाकते.

पण मला जास्त नवल वाटलं ते वाटांचं. मैलोन्‌मैल जा, एक मोटार भेटत नाही. मला वाटलं, इथे लोकच कमी, म्हणून रस्ते रिकामे. तसं नव्हतं. या वाटा सायकलसाठी बांधलेल्याच नव्हत्या. त्या वेगळ्याच कामाच्या होत्या, आणि ते काम संपल्यावर मागे राहिल्या.

पहिली वाट कालव्याच्या काठची. पोंतिव्हीतून नाँत ते ब्रेस्त असा सुमारे ३६० किलोमीटरचा कालवा जातो. तो काढण्यामागचं कारण युद्धाचं. नेपोलियनच्या काळात इंग्रजांच्या आरमाराने ब्रिटनीची बंदरं कोंडली होती. समुद्रातून जहाज नेणं धोक्याचं, म्हणून ब्रेस्तच्या नौदलाला देशाच्या आतून माल पोचवणारी पाण्याची वाट हवी होती. खुद्द पोंतिव्ही शहर त्याने नव्याने वसवलं, आणि काही काळ त्याचं नावही ‘नेपोलियनव्हिल’ होतं. कालवा पुरा व्हायला मात्र १८४२ साल उजाडलं. तोवर नेपोलियन जाऊन वीस वर्षं झाली होती.

कालवा म्हटला की लॉक आले. आपल्या खाजन शेतीतली मानस तुम्ही पाहिली असेल. तिचं दार भरतीचं खारं पाणी अडवतं. लॉकला मात्र दोन दारं असतात आणि मधे हौद. हौदात पाणी भरलं की बोट वर चढते, सोडलं की खाली उतरते. या कालव्यावर अशा २३८ पायऱ्या होत्या. बोटीला इंजिन नव्हतं. काठावरून घोडा दोरखंडाने बोट ओढायचा, आणि घोडा परवडत नसेल तर बोटवाला आणि त्याची बायको छातीला पट्टा बांधून ओढायची. त्यांच्यासाठी काठाने जी सपाट वाट केली, तिला फ्रेंचमध्ये ‘आलाज’ची, म्हणजे ओढण्याची वाट म्हणतात. मी सायकल चालवायचे ती हीच. पाणी सपाट, म्हणून वाटही सपाट. लॉकपाशी तेवढा छोटा चढ. प्रत्येक लॉकला रखवालदाराचं चौकोनी घर असतं. त्यातल्या काही घरांत आता कॉफी मिळते.

दुसरी वाट रेल्वेची. पोंतिव्हीच्या वायव्येला १९२० च्या दशकात विजेसाठी गेर्लेदाँचं धरण बांधायला घेतलं. त्याच्या तलावात १७ लॉक बुडाले आणि कालवा मधोमध तुटला. मग सायकलवाल्याने काय करायचं? थोडं वर चढून जुन्या रेल्वेच्या वाटेला लागायचं. तिथून एके काळी कारे गावाकडे जाणारी मीटर गेजची गाडी धावायची, आपल्याकडे पूर्वी वास्कोला यायची तशी. ती १९६७ मध्ये बंद झाली. रूळ उचलले, तिथे दाबून बसवलेली खडी आली. रेल्वे इंजिनाला खडा चढ झेपत नाही, म्हणून ही वाटही सौम्य. माझ्यासारख्या घाबरटासाठी अगदी योग्य!

अशा वाटेला ‘व्हुआ व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट म्हणतात. बर्गंडी भागात १९९७ मध्ये जिव्री ते क्लुनी या ४४ किलोमीटरच्या जुन्या रेल्वेमार्गावर फ्रान्समधली पहिली मोठी हिरवी वाट सुरू झाली. २००४ मध्ये वाहतुकीच्या नियमांतच तिची व्याख्या आली: चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार यांच्यासाठी, इंजिनाच्या गाड्यांना मज्जाव. तोंडाशी निळी पाटी असते आणि मोटार शिरू नये म्हणून आडवा अडसर.

तिसरी वाट शेतांमधली. ग्रामपंचायतीच्या मालकीची, पण सर्वांना जायला मोकळी. या वाटांवर ट्रॅक्टर भेटतो, चिखल भेटतो, कुत्राही भेटतो. त्यातल्या पुष्कळ वाटा मात्र आता नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्राच्या शेतीसाठी लहान तुकडे जोडून मोठी शेतं केली, तेव्हा बांध आणि कुंपणांबरोबर वाटाही नांगराखाली गेल्या. आजोबांनी मला एक विस्तीर्ण मक्याचं शेत दाखवलं आणि म्हणाले, ‘इथून मी शाळेत जायचो.’

तेव्हा मला नीट कळलं. वाट आपोआप उरत नाही. कालव्याचा काठ सार्वजनिक राहिला म्हणून उरला. रेल्वेच्या जमिनीचे तुकडे विकले गेले असते, मधला एक पूल जरी पाडला असता, तरी सगळी वाट तुटली असती. कुणीतरी वेळेवर म्हणावं लागतं की गाडी बंद झाली असेल, पण जायचा हक्क बंद झालेला नाही.

एप्रिलमध्ये दोन दिवसांची सुट्टी काढून मी ग्लोमेलपर्यंत गेले. काठावर पिवळी काटेरी झुडपं फुललेली. तिथे कालवा डोंगर चिरून जातो. सुमारे तीन किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी वीस मीटरपेक्षा खोल चर. आता दोन्ही बाजूंना झाडं, गर्द सावली, इतकी शांतता की टायरखालची खडी ऐकू येते. हा चर १८२३ ते १८३२ या काळात सैन्यातले शेकडो कैदी राबवून, कुदळ-फावड्याने खणला. पळून गेलेले सैनिक पकडून आणलेले. मी तिथे सायकलवरून उतरले आणि तेवढी वाट चालत गेले. ज्या वाटेवर मला पहिल्यांदा भीती वाटली नाही, ती असल्या हातांनी तयार झाली होती.

तुमच्यापैकी कुणाला तिकडे जायची संधी मिळाली, तर थोडं उपयोगाचं. बहुतेक प्रादेशिक गाड्यांत सायकल नेता येते. हिवाळ्यात फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा रानाजवळून जाताना भडक रंगाचं जाकीट घाला. सोमवारी गावातली पावाची दुकानं बऱ्याचदा बंद असतात, पिशवीत काही ठेवा. पाणी संपलं तर दफनभूमी शोधा. फुलांना घालायला तिथे नळ असतोच. ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना, ते मात्र बघा. आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ‘बोंजूर’ म्हणा. घंटीपेक्षा ते चांगलं लागू पडतं.

परत आल्यावर मी पणजीत एक जुनी सायकल घेतली. बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी बघते तर अंगणात उभे राहून अंगठ्याने टायर दाबून पाहत होते. म्हणाले, ‘हवा कमी आहे गो.’ मी म्हटलं, ‘मुद्दाम ठेवलीय, बाबा.’ मग त्यांना खडीचं, घोड्याचं, बुडालेल्या लॉकचं सगळं सांगत बसले. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, ‘आपल्या बांधावरनंसुद्धा पूर्वी पार नदीपर्यंत जाता यायचं. आता मधे कुणीतरी गेट घातलंय.’

येत्या रविवारी सकाळी आम्ही दोघं ते गेट बघायला जाणार आहोत. मी सायकलवर, बाबा चालत.