चित्त्यासाठी घडलेले पाय

बसा रे पोरांनो. आज राक्षस नाही, परी नाही. आपल्याच नाशिक जिल्ह्यातली गोष्ट. येवला तालुक्यात ममदापूर-राजापूरचा माळ आहे. पाऊस तिकडे हात आखडूनच पडतो. पण गवत आहे, म्हणून काळविटं आहेत. 2014 साली सरकारनं सुमारे 54 चौरस किलोमीटरचा तो माळ त्यांच्यासाठी राखीव केला.

नर काळा, पोटाशी पांढरा, पीळदार शिंगांचा. मादी पिवळसर तपकिरी. सहा महिने पोटात वाढवून ती एकच पाडस देते, त्याला चाटूनपुसून स्वच्छ करते, गवतात लपवते आणि चक्क दूर निघून जाते!

टाकून नाही गं, वेडे. आई तिथंच उभी राहिली, तर लांडग्याला पत्ताच मिळेल की! दूध पाजायला तेवढी येते, पुन्हा लांब. पाडस गप्प पडून राहतं. तुम्ही शेजारून गेलात तरी हलायचं नाही. ते एकटं दिसलं म्हणून उचलून घरी आणाल, तर त्या दयेनंच ते मरेल.

लांडगा कुणाला धरतो, ते एका ठिकाणी नीट मोजलंय. अमेरिकेत सुपीरियर सरोवरात आइल रॉयल नावाचं बेट आहे. तिथं घोड्यापेक्षा उंच हरीण राहतं, मूस. सोबतीला लांडगे. 1958 पासून शास्त्रज्ञ दोघांचा हिशेब ठेवताहेत. मेलेल्या मूसच्या दातांवरून वय काढतात. लांडग्यांच्या तावडीत सापडतात ती बहुतेक पिल्लं, नाहीतर सांधे धरलेली म्हातारी, माझ्यासारखी. भर उमेदीतल्या मूसच्या लाथेपुढे लांडगाही बिचकतो. 1996 चा हिवाळा मात्र भयंकर होता. बर्फ खोल, चारा संपलेला, अंगावर गोचिड्यांचे थर. 1995 मध्ये सुमारे 2400 मूस होते, 1997 पर्यंत पाचशेच्या आसपास उरले.

आपल्याकडे बर्फाचं काम ऊन करतं, आणि त्याला काळविटाचा वेगच साथ देतो. काळवीट ताशी 80 किलोमीटरपर्यंत धावतं. एवढा वेग कशाला? एके काळी मागे चित्ता असायचा! तो 1952 मध्ये भारतातून संपल्याचं जाहीर झालं, पण पाय तसेच राहिले. मे महिन्यात कळप पाण्यासाठी शिवारात उतरतो, गावची कुत्री मागे लागतात, कळप उधळतो आणि पुढ्यात बिनकठड्याची विहीर. इतक्या वेगात वळायचं कुठं? लांडगा बहुधा दुबळं जनावर हेरतो. विहिरीला वय कळत नाही. तिच्यात गाभण मादीही जाते आणि ऐन भरातला नरही. म्हणून मला तर लांडग्यापेक्षा विहिरीचंच जास्त भय वाटतं.

वनखात्यानं माळावर पाणवठे केलेत. रानातच पाणी मिळालं, की कळप विहिरींकडे कमी फिरकतो. कमी म्हटलं हं, थांबतो नाही म्हटलं. शिवारात कोवळा हरभरा असतो, तो त्यांना फार आवडतो. रात्रभर जागून पीक राखणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, तो हरणांची वेगळीच गोष्ट सांगेल, आणि तीही खरीच असेल.