गणरायापुढचे गाणे : गिरगावची स्वरपरंपरा

भाद्रपद शुद्ध चतुर्थी उजाडली की गिरगावातल्या वाड्यांना कंठ फुटतो. फणसवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, जांभुळवाडी, केळेवाडी, झावबावाडी. ही नावे नुसती उच्चारली तरी एखाद्या कोकणी आगराचे स्मरण व्हावे. एके काळी ही खरोखरच झाडामाडांची भूमी होती. पुढे तेथे चाळी उभ्या राहिल्या आणि त्या चाळींतून जे पीक आले ते गाण्याचे. श्रीगजानन हा चौदा विद्या आणि चौसष्ट कला यांचा अधिपती. त्याच्या उत्सवाच्या निमित्ताने या पिकाची चौकशी करणे अप्रस्तुत ठरू नये. देवापुढे म्हणावयाचे गाणे वेगळे आणि मैफिलीत ऐकावयाचे गाणे वेगळे, असा भेद गिरगावाने सहसा मानला नाही.

खाडिलकर मार्गावरील केशवजी नाईक यांच्या चाळीत 1893 साली सार्वजनिक गणेशोत्सवास आरंभ झाला. मुंबईतील सर्वांत जुना सार्वजनिक उत्सव म्हणून त्याची ख्याती आहे. 1901 साली लोकमान्यांनी त्यास भेट दिली होती. तेथील मूर्ती आजही लहानच असते आणि तिची मिरवणूक पालखीतून निघते. चाळ म्हणजे गैरसोयीचे आगर, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु तिची रचना पाहा. मधोमध चौक, भोवती लाकडी सज्जे, सज्ज्यांना कठडे. नाटकगृहाच्या बांधणीत याहून निराळे काय असते? चौकात गवयाने षड्ज लावावा आणि तिसऱ्या मजल्यावर कठड्याशी बसलेल्या आजीबाईंना तो ध्वनिवर्धकाशिवाय ऐकू यावा, अशी ही सोय होती. जुन्या काळी कुलीन घरातील स्त्रीला मैफिलीस जाण्याची मुभा नसे. तिकिटाचे पैसे खर्चणे कारकुनाच्या संसारास परवडत नसे. गणरायाच्या मांडवाने मात्र हे दोन्ही अडसर एकदमच दूर केले. घरातला नैवेद्य आटोपून, मांडीवर मूल घेऊन, उंबरठ्यापासून चार पावलांवर ख्याल ऐकणारा गृहिणींचा श्रोतृवर्ग या उत्सवाने घडविला. संगीताच्या इतिहासात या गोष्टीची नोंद व्हावी तितकी झालेली नाही, असे आम्हांस वाटते.

गाणारे कोठून आले, हेही पाहिले पाहिजे. त्यांतील पुष्कळ जण गोमंतकातून आले. आणि गोमंतकात त्यांचे गाणे देवळातच वाढले होते. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, बांदिवडे येथील देवस्थानांत पालखीपुढे गायनवादनाची सेवा करणारी कलावंत घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. ही सेवा श्रद्धेची होती खरी. पण समाजाने त्या स्त्रियांना मान दिला तो कलेपुरता, घरी मात्र बोलावले नाही, हेही तितकेच खरे. विसाव्या शतकाच्या आरंभी या घराण्यांतील कित्येक कुटुंबे मुंबईस आली व गिरगाव, गावदेवी, खेतवाडी या परिसरात स्थिरावली. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या दोघी याच परंपरेतल्या. दोघींनीही उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांपाशी कठोर साधना केली. देवळातील सेवेची परंपरा सांगणाऱ्या स्त्रीने मुसलमान उस्तादाचा गंडा बांधावा आणि ते गाणे ब्राह्मणांच्या उत्सवात भक्तिभावाने ऐकले जावे, याचे त्या काळी कोणास वावगे वाटले नाही. केसरबाईंची भैरवी 1977 साली ‘व्हॉयेजर’ यानांवरील सुवर्णमुद्रिकेतून अंतराळात गेली, हे वाचकांनी ऐकले असेलच.

गिरगावच्या स्वरपरंपरेत दोन विष्णूंचे स्थान मोठे आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म 10 ऑगस्ट 1860 रोजी, गोकुळाष्टमीस, चौपाटीपलीकडच्या वाळकेश्वरी झाला. आणि 19 सप्टेंबर 1936 रोजी त्यांनी देह ठेवला तो दिवस होता गणेशचतुर्थीचा! पेशाने वकील असलेल्या या गृहस्थाने भारतभर हिंडून उस्तादांच्या मुखातील चिजा लिहून घेतल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांतून सर्वांच्या हाती दिल्या. दुसरे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचा हा मुलगा. दत्तजयंतीच्या उत्सवात दारू उडविताना डोळ्यांस इजा झाली, दृष्टी अधू झाली, म्हणून मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकावयास आला. त्यांनी 1901 मध्ये लाहोरास व 1908 मध्ये मुंबईस गांधर्व महाविद्यालय स्थापिले. मुंबईतील विद्यालयासाठी त्यांनी मोठी वास्तू उभारली. ती पुढे कर्जापायी लिलावात गेली. बुवा नाशिकास रामनामात रमले, पण जाताना ओंकारनाथ, विनायकराव, नारायणराव यांसारखे शिष्य महाराष्ट्राच्या व देशाच्या ओटीत टाकून गेले. भल्या घरातल्या मुलामुलींना पेटी-तंबोरा शिकविण्यात कमीपणा वाटेनासा झाला, याचे बरेचसे श्रेय बुवांचे.

त्यांचेच शिष्य प्रा. बा. र. देवधर. त्यांनी 1925 साली काढलेले संगीत विद्यालय ऑपेरा हाऊसनजीक, फ्रेंच ब्रिजच्या बाजूस. अकरा-बारा वर्षांचा शिवपुत्र कोमकळी बेळगावकडून येथे आला आणि कुमार गंधर्व म्हणून जगास ठाऊक झाला, तो याच छायेत. देवधर मास्तरांचा स्वभाव संग्राहक. स्वतः पलुसकरांच्या परंपरेतले असूनही प्रत्येक घराण्याच्या गवयाला त्यांच्या विद्यालयाचे दार मोकळे असे. ‘थोर संगीतकार’ हा त्यांचा ग्रंथ ज्या घरी नसेल, त्यांनी या उत्सवात तो अवश्य मिळवावा.

याच परिसरात लक्ष्मीबागेचे आटोपशीर सभागृह. गाण्याच्या बैठकींसाठी एकेकाळी त्याचा दबदबा असे. ब्राह्मण सभेचा उत्सव, गाणारे आणि ऐकणारे जेथे जमत तो ट्रिनिटी क्लब, ही स्थाने जुन्या रसिकांच्या बोलण्यात वारंवार येतात. केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह 1964 मध्ये उभे राहिले. त्याच वर्षी गोवा हिंदू असोसिएशनने ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणले. त्याला संगीत देणारे पंडित जितेंद्र अभिषेकी हे मंगेशी देवस्थानच्या कीर्तनकारांचे पुत्र. म्हणजे फिरून आपण देवळाच्याच पायरीशी आलो! रॉयल ऑपेरा हाऊस 1993 मध्ये बंद पडले, 2016 मध्ये पुन्हा उघडले. तेथील झुंबरांचा थाट वेगळा, पण चाळीच्या चौकाची सर त्यास नाही, असे जुना गिरगावकर म्हणेल आणि आम्ही त्याला विरोध करणार नाही.

आता थोडे कटू, पण सांगितलेच पाहिजे. ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम 2000 साली आले. तेव्हापासून रात्री दहानंतर उघड्या जागी ध्वनिवर्धक बंद ठेवावा लागतो. सणासुदीचे काही मोजके दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देते, इतकेच. भिंती हादरविणाऱ्या यंत्रांना आवर घालणे अगत्याचेच होते. आजारी माणसाला आणि तान्ह्या बाळालाही देवाने कान दिलेले आहेत. परंतु गोंगाटासाठी बांधलेल्या दाव्याला गाणेही अडकले. मालकंस, दरबारी, अडाणा हे उत्तररात्रीकडे झुकणारे राग. ललित तर पहाटेचा. मैफल रात्रभर चालायची आणि उजाडता उजाडता भैरवी व्हायची, तेव्हा प्रत्येक रागाला त्याचा प्रहर लाभत असे. आता भैरवी पावणेदहाला आटोपावी लागते, आणि पहाटेचे राग उघड्या मांडवातून जवळजवळ हद्दपारच झाले. यावर उपाय मात्र जुनाच आहे. चौकात ध्वनिवर्धकाविना, मंद सुरात बैठक करावी. सज्जे अजून आहेत तोवर ते शक्य आहे.

कारण सज्जेही चालले आहेत. चाळी पाडून मनोरे उठत आहेत. भुयारी मेट्रोचे गिरगाव स्थानक ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाले. त्याच्या कामात कित्येक कुटुंबांना आपली बिऱ्हाडे हलवावी लागली. त्याआधीच गिरगावकर दादर, पार्ले, गोरेगाव, डोंबिवली असा पांगला होता. मनोऱ्यात उद्वाहन असते, वाहनांना जागा असते. चौक बहुधा नसतो. तळमजल्यावर मांडव घातला तर विसाव्या मजल्यावरच्या आजीबाईंनी तंबोरा कसा ऐकावा? नव्या वास्तूंचे आराखडे मंजूर करताना रहिवाशांनी गाण्यापुरती एक मोकळी चौरस जागा आणि तिच्याकडे तोंड करून बसता येईल असे सज्जे मागून घ्यावेत, एवढीच आमची सूचना. मंदिर मागतोच ना आपण?

चतुर्थीच्या दिवशी उपनगरांत पांगलेली मंडळी जुन्या वाडीत आरतीला परत येतात. कोणी पेटी काढतो, कोणी झांजा, आणि ज्याचे घर आता तेथे नाही तोही नेहमीच्या जागी, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, जाऊन बसतो.