मालकालाही मज्जाव!

पैसे मोजून घरी आणलेला संगणक, त्यावर आपलेच नाव, आपलाच परवलीचा शब्द. शिवाय नावापुढे ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असा भारदस्त हुद्दा! असे हे घरचे कारभारी ‘विंडोज’मधली एखादी जुनाट दिसणारी फाईल पुसायला जातात, तो यंत्र त्यांनाच बजावते, ‘आधी ट्रस्टेडइन्स्टॉलरची परवानगी आणा!’ हा गृहस्थ कोण? ना घरातला, ना शेजारचा! २००७ साली ‘विंडोज व्हिस्टा’ घरोघरी आली, तेव्हापासून यंत्रणेच्या मूळ फायली या अदृश्य कोठीवाल्याच्या ताब्यात आहेत. माणूस चिडतो, आणि त्यात नवल नाही.

पूर्वीची तऱ्हा निराळी होती. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ‘युनिक्स’चा जन्म झाला. तिच्यातल्या ‘रूट’ नावाच्या खातेदाराचा क्रमांक शून्य, आणि या शून्याला सारे माफ! जाणती माणसे हा अधिकार कामापुरताच वापरीत. २००१ च्या ‘विंडोज एक्सपी’त मात्र घरातला जो पहिला खातेदार, तो आपोआपच सर्वाधिकारी होऊन बसला. घोळ झाला तो इथे. यंत्राला माणूस दिसत नाही, हुकूम तेवढा दिसतो. सर्वाधिकाऱ्याने उघडलेला प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्याच शिक्क्यानिशी वावरतो. चिरंजीवांनी कुठूनसा फुकट खेळ पैदा केला, की त्याच्या आडून शिरलेल्या चोराच्या हातीही तिजोरीच्या किल्ल्या!

म्हणून व्हिस्टाने पडदा काळवंडून ‘खरेच करू ना?’ असे विचारायला आरंभ केला. लोक त्यालाही वैतागले. पण त्या कोठीवाल्याकडून फाईलची मालकी आपल्या नावे करून घेण्याची सोय तिथे आहे. फक्त ते काम चुकून होत नाही, मुद्दाम करावे लागते.

‘ॲपल’ने २०१५ साली ‘एल कॅपिटन’मध्ये याच्याही पुढे मजल मारली. खुद्द रूटलाच यंत्रणेच्या गाभाऱ्यात मज्जाव! हा बंदोबस्त उठवायचा, तर माणसाने यंत्रापुढे बसून ते दुरुस्तीच्या खास अवस्थेत सुरू केले पाहिजे. परभारे एखाद्या प्रोग्रॅमला ते साधू नये, हीच त्यातली खुबी.

या बंदोबस्ताची किंमत २०१९ च्या सप्टेंबरात हॉलिवुडला कळली. तिथल्या चित्रपट-संकलकांचे मॅक संगणक एकाएकी सुरूच होईनात. प्रथम संशय आला तो ‘एव्हिड’ या संकलनाच्या प्रोग्रॅमवर. बिचारा निर्दोष निघाला! खरा अपराधी होता ‘गूगल क्रोम’चा सुधारित आवृत्ती बसवणारा प्रोग्रॅम. त्याने चुकून यंत्रणेतला एक मोक्याचा दुवाच उडवला होता. मौज अशी, की ज्यांचा बंदोबस्त शाबूत होता त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. संकलकांपैकी अनेकांनी आपल्या खास उपकरणांसाठी तो उठवून ठेवला होता! बरे, इथे कोणाचा वाईट हेतूही नव्हता.

एवढे सांगूनही, आयफोनसारख्या उपकरणात ही किल्ली विकत घेणाऱ्याला मुळीच देत नाहीत, ते मला पटत नाही. तिथे कुलूप कोणापासून राखण करते आहे, हा प्रश्न उरतोच.

घरच्या संगणकावर मात्र आजच एक साधे, बिनअधिकाराचे खाते उघडावे आणि मुलांनीच नव्हे, तर आपणही रोज तेच वापरावे. सर्वाधिकाऱ्याचा परवलीचा शब्द घरातल्या दोघा वडीलधाऱ्यांना ठाऊक असला म्हणजे झाले.