आधी समेट, मग उपासना

रविवारच्या उपासनेची तयारी म्हणजे धुतलेले कपडे नि बायबल काढून ठेवणे, असा अनेकांचा समज असतो. खरी तयारी याहून अवघड आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, डोंगरावरील प्रवचनात, येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. दुखावलेला तो असला, तरी उठून जायचे ते आपणच. ‘दिदाखे’ या आरंभकाळातील ख्रिस्ती ग्रंथातही भांडण मिटेपर्यंत प्रभूच्या दिवशीच्या मेळाव्यात सामील होऊ नये, असा दंडक आहे. कॅथलिक पंथात कम्युनियनपूर्वी उपवास असतो. पूर्वी तो मध्यरात्रीपासून असे, १९६४ पासून एक तासाचा झाला. त्या मानाने उपवास सोपाच!

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारसारख्या गावात बांधावरून धरलेला अबोला लपत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी चर्चला अभंग-ओव्यांचा वारसा दिला. तो एका सुरात गाताना शेजारच्या बाकावरील माणसाशी बोलणे नसेल, तर ते गाणाऱ्यालाच खुपते. रविवारी सकाळी घंटेच्या घाईत कोणाकडे जाणे होत नाही. त्यासाठी शनिवारची संध्याकाळच मोकळी ठेवावी लागते.